हातचा दिवस

बाहेर फेब्रुवारी, उणे सव्वीस,
आणि आत, इर्याच्या स्वयंपाकघरात,
आम्ही टेबलावर ऑगस्ट पसरलाय.
नकाशाच्या तीन कोपऱ्यांवर
मिठाची बरणी, कॉफीचा मग, तिचा चष्मा.
चौथ्यावर मांजर.
ती उठली की सगळा उत्तर किनारा गुंडाळला जातो.

सुपीरियर. नकाशात नुसतं निळं,
पोटात एकही रेघ नाही.
रेघा सगळ्या काठावर, दाटीवाटीने,
एकमेकींच्या अंगावर चढलेल्या.
"या रेघा म्हणजे गुडघे, देल्फीन," इर्या म्हणते.

बासष्टची आहे ती. त्यातली एकतीस वर्षं
पोस्टाच्या खिडकीत लोकांची पार्सलं तोलण्यात गेली.
तराजू अजून घरात आहे.
ओट्स माणशी नव्वद ग्रॅम.
सुकवलेलं हरणाचं मांस, दूधभुकटी, दोन मेणबत्त्या.
टूथब्रशची दांडी करवतीने कापायची की नाही
यावरून आमचं बिनसतं.
चार ग्रॅमने काय होतंय, मी म्हणते.
चार ग्रॅम दिवसाला किती पावलं उचलशील
ते आधी मोज, ती म्हणते.

दोरी पंधरा मीटर,
अस्वलाच्या हाती लागू नये म्हणून शिधा टांगायला.
मोजे तीन जोड.
चौथा मी गुपचूप लिहिला,
तिने गुपचूप खोडला.

पाणी? मला हसू येतं. अख्खं सरोवर आहे की शेजारी.
ती बोट ठेवते: इथे कडा. चार तास.
पाणी दिसत राहणार, खाली आपटताना ऐकू येणार,
हाताला लागणार नाही.
म्हणून दोन-दोन लिटर पाठीवर घेऊन
पाण्याच्या काठाकाठाने
पाणीच वाहून न्यायचं.

नकाशा तिच्या भावाचा, वाइनोचा.
पेन्सिलीच्या खुणा चौऱ्याऐंशी सालच्या.
'इथे वाळू बरी.' 'इथे पूल.'
पूल केव्हाच पुराने नेला.
एका खाडीपाशी नुसतंच 'नको'.
काय नको? विनिपेगला फोन लावला
तर वाइनो म्हणतो, मी असलं काही लिहिलंच नाही.
त्या खाडीत आम्ही मुक्काम धरत नाही.

मग क्लेमेंटला फोन.
नदीच्या मुखाशी अनिशिनाबे वस्तीत राहतो तो,
बोट त्याची, आणि आधी त्याच्या मावशीची.
दूरच्या टोकाला सोडीन, म्हणतो,
तिथून तुम्ही चालत घरी या.
म्हणजे जाणं नाहीच यात.
सगळं चालणं परतीचं.
"किती दिवस?"
"सहा."
पलीकडे तव्यावर मासा चुरचुरतोय.
"शिधा सातांचा घ्या."
"सातवा कुठे चालायचाय?"
"कुठेच नाही. तो तुमचा नव्हे, सरोवराचा.
वारा सुटला की मी बोट काढत नाही
आणि ओल्या गोट्यांवरून तुम्हीही निघायचं नाही.
कुठला दिवस, ते तेच ठरवील."

इर्या तक्त्यात एक रकाना वाढवते.
शाळेत बेरजेच्या डोक्यावर
बारीकसा एक मांडायचो आम्ही, हातचा,
आणि बाई ओरडायच्या, विसरू नका त्याला.
तसा हा दिवस, सगळ्यांच्या वर, कडेला.
अंतर: शून्य. चढ: शून्य.
मुक्काम: असू तिथे.
वजन मात्र सातशे दहा ग्रॅम,
काहीच न करण्याचं.

त्या दिवसाची पिशवी ती वेगळी भरते.
आधी ओट्स, मोजून.
मग फडताळातून डबा काढते,
वेलदोड्याचे टोस्ट, स्वतः भाजलेले, दोनदा,
आणि मूठ भरून टाकते आत. अजून एक मूठ.
तराजू बाजूलाच आहे.
त्याच्याकडे ती बघत नाही.

मीही काही बोलत नाही.
पेन्सिल उचलते, मोज्यांचा चौथा जोड
पुन्हा लिहिते, या खेपेला ठसठशीत.
ती वाचते.
करवत शोधायला उठते, माझ्या टूथब्रशासाठी,

आणि तिच्यामागोमाग मांजर.