गाडी गेल्यानंतर

शर्वाणी, सोमवारपासून तिसरी ‘ब’ तुझ्याकडे.
बांगड्या घालू नकोस, काचेच्या तर नाहीच.
ओढणीला मागे गाठ मार.
खुर्ची मिळणार नाही; मुलांच्याच बाकावर बस,
गुडघ्यांना आठ दिवसांत सवय होते.

हा मनगटावरचा चंद्र, हो, दातांचाच.
लोकेंद्रचा.
दुखल्याचं आठवत नाही आता.
आठवतं ते हे, की चावताना त्यानं डोळे घट्ट मिटले होते,
सुई टोचून घेणाऱ्या मुलासारखे.

रामबागेतल्या या गल्लीत पावणेदहाला
कचऱ्याची गाडी येते.
इंदूरची गाडी, म्हणजे भोंग्यावर गाणं,
ओला वेगळा, सुका वेगळा,
आणि ओल्या हातांनी जिने उतरणाऱ्या बायका.
ती येऊन गेली की आमच्या वर्गात
बाक उलटा, कंपास जमिनीवर,
कुणाच्या तरी पाठीत डबा.

मॅडम म्हणाल्या, हट्टी आहे.
त्याची आई म्हणाली, घरी असा नाही. मग रडली.
प्रिन्सिपल म्हणाले, लिहून ठेवा.
मी लिहिलं. दोनशे पानी वही:
मारलं. फेकलं. चावला.
वीस दिवस नुसती क्रियापदं.

मग वाटलं, सापडलं!
आवाज सोसत नाही पोराला.
साडेनऊलाच खिडकी लावायला लागले,
तळव्यांनी त्याचे कान झाकायला लागले.
शहाणी मी.
तो आणखी फेकायला लागला.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी
खिडकीची कडी तुटून हातात आली
आणि तेवढ्यात गाडी.
मी हात पसरून उभी, गोलकीपरसारखी,
आणि लोकेंद्र
गजाला गाल लावून उभा राहिला.
हलला नाही. ओठ तेवढे गाण्याबरोबर.
गाडी वळली, गाणं बारीक होत गेलं,
बारीक होत जिथे संपलं
तिथे त्यानं बाकाला हात घातला.

येणं नव्हे गं. जाणं.
वीस दिवस मी चुकीच्या टोकाला पहारा देत होते.

घरातून कुणी गेलंय का, सगळे विचारतात.
मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आता पावणेदहाला आम्ही दोघं खिडकीत.
मी बोटानं दाखवते: आता पानवाल्यापर्यंत,
आता पिंपळापर्यंत, आता वळणार, गेली.
‘कल?’ तो विचारतो.
त्याच्या हिंदीत गेलेलाही कल, येणाराही कल;
मी दोन्हींना हो म्हणते.
मग फळा पुसायचं ओलं फडकं त्याच्या हातात.
पिळ म्हणते. जोरात पिळ.

कधी जमतं. कधी बाक उलटतोच.
गेल्या गुरुवारी उलटला आणि मी ओरडले.
तेही लिहिलंय वहीत, माझ्या नावानिशी.

उलटला, तर आधी बाकीची मुलं बाजूला घे.
मग त्याच्यापासून हातभर लांब, खाली बस.
बोलू नकोस, तेव्हा शब्द खड्यांसारखे लागतात.
श्वास घे, त्याला ऐकू जाईल एवढा.
‘का केलंस’ तर विचारूच नकोस.
आणि वहीत क्रियापदाच्या आधीची ओळ लिही:
कोण उठून गेलं, काय संपलं,
खिडकी कुणी लावली.

मी शनिवारी जाते आहे.
दहा दिवस झाले, रोज सांगते त्याला,
पानवाला, पिंपळ, तसंच बोटांवर.
तो बोटं बघतो. माझ्याकडे बघत नाही.

सोमवारी पावणेदहाला तू खिडकीत उभी राहा.
गाडी जाईल. मग तो विचारेल, ‘दीदी? कल?’
हो म्हणू नकोस.
फडकं आधीच भिजवून ठेव.