डबल बेल

कालव्याला आवर्तन सुटलं होतं,
म्हणून धरणाचं पाणी दोन हात खाली
आणि धक्क्यावरची फळी
परवापेक्षा उभी.
लहानू म्हणाला, आज नको ताई, चाक घसरेल.
खैरनारांनी उजव्या हातानं
खुर्चीचा ब्रेक सोडला.
दोन वर्षं झाली, त्यांचं बोलणं असंच असतं.

मी त्यांना आडनावानंच हाक मारते.
डेपोतली सवय, लग्नानंतरही गेली नाही.
चौदा वर्षं त्यांच्या पाठीमागं उभी होते,
पेठ, सुरगाणा, चैत्रात वणीचा गड.
पाठ आधी ओळखीची झाली, चेहरा नंतर.
घाटात ते वळण घ्यायचे
आणि मी पैसे.

बोट म्हणजे काय, मासे धरायची जुनी होडी.
बाजूंना पत्रा ठोकलेला, मागं कुठल्याशा पंपाचं इंजिन,
मधोमध मांडवातली प्लास्टिकची खुर्ची
सुंभानं चारी पायांशी आवळलेली.
तासाला दोनशे. शिकवणी फुकट.

जॅकेटात लुळा हात आधी घालायचा असतो.
मला माहीत होतं, रोजच्या सदऱ्याचाच धडा तो.
लहानूनं चांगला हात आधी घातला,
मग सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून.
लघवीचं कसं, हे विचारायला तो लाजत होता.
मीच सांगितलं, बाटली आणलीय,
तू तेवढ्यापुरता त्या बगळ्याकडं बघ.

फळीवर ओली पोती टाकली.
मी मागून, लहानू पुढून,
वरच्या मळ्यातला द्राक्षाचे क्रेट वाहणारा एक पोरगा
न बोलावता बाजूनं.
खैरनारांनी डोळे मिटले नाहीत.
गाडी मागं घेताना आरशात बघायचे
तसे पाण्याकडं बघत राहिले.

दांडा डावीकडं ढकलला की होडी उजवीकडं जाते.
हे लहानूनं तीनदा सांगितलं.
तिन्ही वेळा मी म्हणाले, कळलं.
डोक्याला कळलं होतं.
हातानं नेलं ते थेट
पाणी उतरल्यावर वर आलेल्या
मेलेल्या बाभळीच्या फांद्यांत.

इंजिन गुरगुरतंय, फांद्या पत्र्यावर ओरखडतायत,
लहानू बांबू शोधतोय, मी दांडा अजूनच रेटतेय,
आणि
टक.

अंगठी. पत्र्यावर. एकदा.

माझा हात आपोआप सैल पडला.
एक बेल म्हणजे थांब,
हे या हाताला कुणी शिकवायला नको होतं.
लहानूनं बांबूनं बूड रेटलं,
होडी मोकळी झाली, जराशी गिरकी खाऊन
तोंड गंगावऱ्ह्याकडं.
मी वाट बघत बसले.
कसली, ते मला ठाऊक होतं, लहानूला नव्हतं.

टक टक.

इतकी वर्षं ती दोरी माझ्या हातात होती, खैरनार.
मी ओढायची, तुम्ही निघायचात.
घाटात कधी मागं वळून विचारलं नाहीत
मागचं दार नीट लागलंय का म्हणून.
मीही विचारलं नाही.
दांडा डावीकडं, होडी उजवीकडं,
पाणी सपाट आणि त्यावर एकही थांबा नाही.

तरी ते मधूनच वाजवायचे.
धोबीण पक्षी दिसला, टक.
काठावर कुणी म्हशी धूत होतं, टक.
अहो, इथं कोण उतरणारंय, मी चिडले.
त्यांचा अर्धा चेहरा हसला.
दुसरा अर्धा
नेहमीसारखाच ड्यूटीवर.

तासाचे सव्वा झाले.
लहानूनं वरचे पैसे घेतले नाहीत,
म्हणाला, पेट्रोल बाभळीत गेलं, ते माझ्याकडून.
बाटली रिकामीच परत आली.

आता फळी चढायची.
पोती वाळली होती, पोरगा क्रेट घेऊन गेला होता.
अर्ध्यावर आलो
आणि खुर्चीच्या नळीवर अंगठी वाजली.
एकदा.

थांबलो.
लहानूनं वाकून विचारलं, काका, दुखतंय का काही?
काकांचा श्वास व्यवस्थित होता.
धाप
मला लागली होती.