आगरी फायनल तीन

माझ्या दुकानात, करावे गावाच्या कमानीला लागून,
एक फाइल आहे : 'आगरी फायनल तीन'.
हळद असो, जत्रा असो, नगरसेवकाचा वाढदिवस,
उघडायची, नाव बदलायचं, छापायचं.
मिठागराच्या बांधावर बाई,
डोक्यावर टोपली, लाल लुगडं गुडघ्यावर कसलेलं.
दहा बाय वीसच्या फ्लेक्सवरही ती फाटत नाही.

मूळ चित्र समाजमंदिरात, ट्यूबलाइटखाली.
कोपऱ्यात सही : बिदनूर, एकोणीसशे बहात्तर.
हा आपला नव्हे, धारवाडकडचा.
सर्व्हेच्या जीपमधून आला, साखळी नि झेंडे घेऊन.
दिवसा आमची खाचरं मोजायचा,
संध्याकाळी त्याच बांधावर स्टूल टाकून
आम्हाला काढत बसायचा.
नकाशा आणि चित्र एकाच हाताचं.
एकाने मिठागर नेलं.
दुसऱ्याने
— इथे मी दरवेळी अडतो.

त्याच्या पेटीच्या झाकणाला आतून म्हणे
मासिकातलं एक पान चिकटवलेलं होतं :
बल्गेरियातल्या कुठल्याशा खेड्यात नाचणारी माणसं,
घामेजलेली, चिखलाच्या जोड्यांतली.
तो सांगायचा, हे काढणारा परमुलखातून आलेला,
पण त्यांचे कमरपट्टे त्याने इतके नीट काढले
की पुढे ती माणसं स्वतःला ओळखायला
चित्राकडे बघू लागली.
आमच्या बापजाद्यांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली.

आता गावात आगरी दिवस असतो.
बँकेतल्या, आयटीतल्या पोरी
चित्र झूम करून काष्टा शिकतात.
गेल्या साली एक हिरवं नेसून आली,
तर पोरं म्हणाली, हे आपलं नाय.

पहिल्या रांगेत चांगुआत्या चोकोबार खात होती.
टोपलीखालचा चेहरा तिचा.
काडी चाटून म्हणाली,
"लुगरा माजा हिरवाच व्हता रं.
त्याचा हिरवा सपला.
मना बोलला, बाय, लाल चालंल?
मी बोललू, मीठ वलं हाय, लवकर काय तं काढ."

रात्री शटर अर्धं ओढून
मी फाइल उघडली. लुगडं हिरवं केलं.
एक क्लिक.
कुणीतरी बाई उभी होती. चांगली होती.
आमची नव्हती.
परत लाल केलं, आणि स्वतःचाच राग आला.

मग उगाच पाहुण्यांचे फोटो एकेक उडवत गेलो,
आमदार, सरपंच, वाढदिवसवाला,
तर त्यांच्या मागे,
उजव्या बाजूला, कडेपर्यंत,
पानन्‌पान काढलेली खारफुटी.
सगळा हिरवा तिथे गेला होता.