खर्ज

जुन्या बाजारात, गंजक्या कुलपांच्या ढिगाशेजारी
साठ रुपयांना मिळाली ही तबकडी.
पाकिटावर बॉलपेननं:
श. ताम्हनकर, रानडे इन्स्टिट्यूट, १९७१.

एक पियानो, एक जाड पुरुषी आवाज.
फ्रेंच मला चार धड्यांपुरतंच येतं.
बाईंचं एवढं आठवतं –
बोलताना गिळतात ते शेवटचं अक्षर
गाताना मात्र उच्चारायचं,
हलकंसं,
दार लोटून घेतल्यासारखं.

खडकीहून, फॅक्टरी सुटल्यावर आलेले आप्पा
एवढ्याच खालून बोलायचे.
तांब्यावरचं फुलपात्र किणकिणायचं,
वाक्याचा शेवट कधी ऐकू आला नाही.

ओरखड्यावर सुई अडलीय.
तोच अर्धा शब्द, पुन्हा, पुन्हा.
मी उठत नाही.
येऊ दे
शेवटचं अक्षर.