खिळा मारू नये

लातूर, खाडगाव रोड, तिसरा मजला.
दाराच्या आतल्या बाजूला लॅमिनेट केलेली सूचना :
भिंतीला खिळा मारू नये. दंड पाचशे रुपये.
अनुजानं बॅग कॉटवर टाकून आधी
चार्जिंगचा पॉइंट शोधला.
मी खिडकी उघडते का ते पाहिलं.
उघडत नव्हती. बाहेर एसीचं खोकं,
दुसऱ्याच कुणाचं, घरघरत होतं.

माझा बाप याच गावात शिकला.
गंजगोलाईच्या मागं, आडत दुकानाच्या माडीवर
सोळा पोरं, सोळा खिळे.
खिळ्याला फडकं, फडक्यात आठवड्याच्या भाकरी,
चाकूरच्या गाडीवर टपावरून आलेल्या.
शनिवारपर्यंत बुरशी धरायची.
पुसून खायची, म्हणायचा, पुसल्यावर काय कळतंय.
फी म्हणजे महिन्याला दोन पायल्या ज्वारी.
बहात्तरला ज्वारीच नव्हती.
मालकानं विचारलं नाही, बापानं सांगितलं नाही,
वर्षभर खाली दुकानात पोती शिवली.
अंगठ्यात दाभण घुसल्याची खूण
शेवटची अंघोळ घालताना मला सापडली.
तोवर मला ती देवीची वाटायची.

माझ्या वेळी सरकारी वसतिगृह.
ताटावर नंबर कोरलेला, एकशे बारा.
वरण असं की ताट भरल्यावरही
नंबर वाचता यायचा.
त्र्याण्णवच्या सप्टेंबरात, तीस तारखेला पहाटे,
आधी खिळ्यांवरचे शर्ट हलले,
मग आम्ही.
व्यंकट सोळुंके किल्लारीकडचा.
तो तसाच बनियनवर, अनवाणी निघाला.
महिनाभर आम्ही मैदानात झोपलो
आणि आत आल्यावर
दाराजवळच्या कॉटसाठी मारामाऱ्या केल्या.
व्यंकटचा शर्ट, निळ्या चौकड्यांचा,
मार्चमध्ये रेक्टरनं पोत्यात भरला.
जूनमध्ये आलेल्या नव्या पोरानं
त्या खिळ्याला टॉवेल अडकवला.
आम्ही कुणी काही बोललो नाही.

यातलं अनुजाला काहीच सांगितलेलं नाही.
तिला सांगितलं, चोवीस तास पाणी आहे,
रविवारी पनीर आहे.
एक लाख चाळीस हजार, वर्षाचे,
खोलीचे नव्हे, कॉटचे.
आत जाताना अंगठा, बाहेर येताना अंगठा,
आणि दर अंगठ्याला माझ्या फोनवर मेसेज.
आता तुम्ही निवांत राहा, वॉर्डन बाई म्हणाल्या.
कॉटच्या वर आधीच्या मुलीनं
पेन्सिलीनं लिहिलेलं, नवा रंग देऊनही दिसणारं :
पाचशे बारा. चारशे अठ्ठ्याऐंशी. चारशे त्रेचाळीस.
पुढं भिंत कोरी.
अनुजानं नेमका तिथंच
चिकटवायचा हूक लावला
आणि त्यावर ओळखपत्र.

शेजारी पाच मजले उभे, भिंती अजून यायच्यात.
दुसऱ्या मजल्यावर पत्रा आडवा लावून
बालांगीरची पोरं राहतात.
किती जण, विचारलं, तर एकानं
दोन्ही पंजे दाखवले, मग चार बोटं.
सेंटरिंगच्या फळीला ओळीनं खिळे :
डबे, चड्ड्या, हाताएवढा आरसा,
एका खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत भात.
फळी परवा निघणार, मग ती वरच्या मजल्यावर जाणार,
मागोमाग पोरं.
काय बांधताय?
हॉस्टेल, म्हणाला, आणि
आमच्या इमारतीकडं बोट केलं.
असंच.

एसटीत बसल्यावर पहिला मेसेज आला :
अनुजा गडकर, आत, सात वाजून दोन मिनिटं.
दुसरा तिचा स्वतःचा.
पप्पा, हूक पडला. परत लावला, परत पडला.
मी बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग लिहिलं, बारीकसा एक खिळा मार.
दंड मी भरतो.
तिनं विचारलं, कशानं ठोकू? इथं काहीच नाहीये.

कुलपानं, मी लिहिलं.
गाडी चाकूरला थांबली होती.