बेत

जागा नऊ आहेत, लावता येतात पाचच.
रात्रीचे अकरा. वूच शहरात, चौथ्या मजल्यावर,
यादविगा चष्मा कपाळावर सारते
आणि शिलाई मशीनचं झाकण उघडावं
तशी रायफल उघडते.

एकतीस वर्षं गिरणीच्या शिलाईखात्यात.
कोटांचे खांदे. फक्त खांदे.
डावा, उजवा, डावा.
त्या गिरणीत आता सिनेमा लागतो, बूट विकतात.
तिच्याकडे उरलं थोडं पेन्शन, एक कात्री
आणि उजव्या हातातली थरथर.
डॉक्टर ती गोळ्यांनी मोजतो,
ती सुईच्या नेढ्याने.

प्लेस्टेशन तिचं नाही.
मागच्या खोलीतला वेल्डर, ग्रोदनोचा आर्त्सिओम,
तीन महिन्यांचं भाडं थकवून नॉर्वेला गेला.
जाताना म्हणाला, हे ठेवा, याला किंमत येईल.
विकण्याआधी चालतंय का बघावं
म्हणून तिने वायर जोडली.
त्याला हा दुसरा हिवाळा.

तर, नळी.
लांब घेतली की गोळी दूरवर जाते, बंदूक जडावते.
लांबच.
सायलेन्सर? नको. चारशे मशिनींच्या आवाजात
जी कानात कापूस न घालता बसली
तिला कशाला लपायचं?
त्याऐवजी टोकाला ते झाकण, धक्का गिळणारं.
खाली उभी मूठ. वर साधी काच, बारीक लाल ठिपका,
पाच पट मोठं दाखवणारी दुर्बीण नको,
ती हाताची थरथरही पाच पट मोठी करते.

हिरवी रेघ एकीकडे वाढते,
लाल रेघ दुसरीकडे.
हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.
कापड तेवढंच असतं;
बाही लांब बेतली की अंगरखा आखूड होतो.

मग सरावाची भिंत. ट्रिगर दाबून धरला.
तीस गोळ्या, तीस भोकं,
वरून खाली एका रेषेत.
यादविगा जवळ जाऊन बघते.
इतकी सरळ टीप
सहा वर्षांत आली नव्हती हातून.

खेळात तिचा माइक बंद असतो.
संघातल्या पोरांना वाटतं, कुणी म्हातारा असेल,
दाराशी खुर्ची टाकून बसल्यासारखा
एकाच कोपऱ्यात थांबतो.
राडोमचा ग्न्येव्को तर तिला रणगाडाच म्हणतो.
तो स्वतः हलकी बंदूक घेऊन सुसाट पळतो
आणि सगळ्यांआधी मरतो.

मेल्यावर दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघत बसावं लागतं.
त्या रात्री तो तिच्या डोळ्यांनी बघत होता.
जिना, दार, धूर, दोघं आत आले.
ठिपका जिथे होता तिथेच राहिला.

"ए रणगाड्या, तुझी हलत कशी नाही?"
गप्पच.
"माझा कंट्रोलर आपोआप डावीकडे ओढतो.
आई म्हणते नवा नाताळला. आत्ता तर मार्च आहे."

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग यादविगाने माइकचं बटण शोधलं,
दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा सापडलं.
"कागद घे," ती म्हणाली.

"तुम्ही... आजी आहात?"
"शिलाईवाली आहे. लिही.
चार गोष्टी नंतर सांगते. आधी दस्ता.
तो जड, पूर्ण लांबीचा."
"पण त्याने वेग जातो."
"जाऊ दे. खांद्याला नीट बसलं नाही
तर बाकी सगळं कितीही भारी लाव, लोंबतंच."

पलीकडे पेन्सिलचा आवाज. की पावसाचा, राडोममधल्या.
"खांदा," तो पुटपुटला, "डावा की उजवा?"

ती हसली. एकतीस वर्षांत
हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.