मापासाठी हात

स्कॅनर जळगावहून आणला,
भिकन बाविस्करांनी कलर लॅब मोडली तेव्हा,
एसटीच्या मागच्या सीटवर, मांडीवर घेऊन.
कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडत विचारलं, शिलाई मशीन का?
मी हो म्हटलं.

नवा कॉम्प्युटर त्याला ओळखत नाही.
म्हणून एक जुना ठेवलाय, फक्त त्याच्यासाठी,
एखाद्या म्हाताऱ्याची बोली कळणारा
घरात एकच माणूस उरावा तसा.

मे महिना. फैजपूर. दिवसा सत्तेचाळीस.
काच तापते, चित्रावर रेघा उमटतात,
म्हणून रात्री अकरानंतर बसतो,
कूलर बंद करून, कूलरनं धूळ उडते,
उघड्या अंगानं, रबरी फुगा दाबत: फुस्. फुस्.
एका स्लाइडला सहा मिनिटं.
आत मोटार कुरकुरत सरकते
आणि दादांचं एक पान
वरून खाली, रेघेरेघेनं
पडद्यावर उतरतं.

दादा कृषी खात्यात.
राजदूतला प्रोजेक्टर बांधून गावोगाव
केळीचे रोग दाखवत फिरले.
अकराशे स्लाइड्स. पुठ्ठ्याच्या चौकटीवर बारीक अक्षर:
करपा, सावदा, ७८.
पोंगासड, निंभोरा.
पर्णगुच्छ, रावेर, पाऊस उशिरा.
माणूस एकही नाही.
रीळ सरकारी. घरच्यांवर एक फ्रेमसुद्धा खर्ची घालायची नाही.
आईचा फोटो काढा म्हटलं की म्हणायचे,
काढू, स्वतःच्या पैशानं काढू.
राहिलं.

कुमुद नाशिकहून विचारते,
सडक्या पानांचं तू करणार काय?
खरंय. विद्यापीठानंही नको म्हटलं.

तीनशेव्या स्लाइडपाशी कधीतरी लक्षात आलं,
पान खालून कुणीतरी धरलंय.
मापासाठी. डाग केवढा ते कळावं म्हणून.
मागच्या स्लाइड्स काढून पाहिल्या, तिथंही हात,
त्याच्या मागच्यांतही.
हिरव्या काचेच्या बांगड्या, सावद्याला सात,
निंभोऱ्याला पाच, आणि एक वेगळ्याच रंगाची,
त्र्याऐंशी साली मनगटाखाली भाजल्याचा चट्टा.
तो मला माहीत आहे.
कढई माझ्या धक्क्यानं कलंडली होती.

ती त्यांच्याबरोबर जायची, एवढं माहीत होतं.
शाळेतून आलो की दाराला कुलूप, किल्ली झोपेकाकूंकडे.
शेतात ती काय करायची
कोणी विचारलं नाही.
आता रात्री मोटार थांबली की ऐकू येतं:
मले काय पाह्यता, पान पाहा पान.

मी घाईघाईनं सगळ्या पुन्हा घातल्या,
धूळ काढायचं बटण दाबून.
फार छान आल्या.
यंत्र हुशार आहे, बारीक गडद ठिपका दिसला
की धूळ समजतं,
आजूबाजूचा रंग उचलून बुजवून टाकतं.
मनगटावरचे गोंदणाचे तीन ठिपकेही
त्यानं बुजवले.
गुळगुळीत, कोणाचंही असावं असं मनगट.

बटण बंद केलं.
आता प्रत्येक चित्रात फैजपूरची धूळ येते,
बुरशीची जाळी, एक केस,
दादांचा की माझा कोण जाणे,
आणि तीन हिरवट ठिपके,
माहेरच्या जत्रेत रडत रडत गोंदवून घेतलेले.
कुठला ठिपका कशाचा
हे मी आहे तोवर सांगता येईल.

कुमुदला पहिली पाठवली.
फाइलचं नाव बदललं नाही, दादांचंच ठेवलं:
करपा, सावदा, ७८.

तिचा फोन आला. बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
बांगड्या मोजल्यास का?